पंपावर आळ घेण्याआधी

विहिरीवर नवी मोटर बसवायची झाली की जाणता शेतकरी दुकानदाराला आधी हेड सांगतो. पाणी किती खोलातून उचलायचंय, पाइप किती लांब न्यायचाय, केबल कोणत्या जाडीची आहे, संध्याकाळी व्होल्टेज किती मिळतं, हे सगळं तो बोलून घेतो. गाडीत मोठा फ्युएल पंप बसवणारे हौशी मात्र बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: ताशी किती लिटर? मग काही महिन्यांनी गाडी ऐन वेगात दम टाकते आणि निकाल लागतो, "बाहेरचा पंप, त्याचा काय भरवसा!"

हा निकाल फार वेळा चुकीचा असतो. चांगल्या कंपनीचा आफ्टरमार्केट पंप वर्षानुवर्षं टिकू शकतो आणि तोच पंप दुसऱ्या गाडीत काही आठवड्यांत निकामी होऊ शकतो. फरक पडतो तो त्याला मिळणाऱ्या विजेमुळे, त्याच्यापुढच्या दाबामुळे, पेट्रोलच्या स्वच्छतेमुळे आणि बसवणाऱ्या हातामुळे. म्हणून पंपाच्या भरवशाबद्दल बोलायचं तर सुरुवात टाकीपासून करावी लागते.

पेट्रोलात बुडालेली मोटर

कार्ब्युरेटरच्या काळात पंप इंजिनावर असायचा. कॅमशाफ्ट त्याचा पडदा खालीवर करायचा आणि अगदी थोड्या दाबाने पेट्रोल पुढे जायचं. फ्युएल इंजेक्शन आलं तसा दाब वाढला, पंप विजेवर चालू लागला आणि पुढे टाकीत, पेट्रोलातच, जाऊन बसला. आज बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये ही छोटी डीसी मोटर इंधनात बुडून फिरते. पेट्रोल मोटरच्या आतून, ब्रश आणि कम्युटेटरला भिजवत, बाहेर पडतं. ठिणगी उडाली तरी पेट घेत नाही, कारण पंपाच्या आत जळायला लागणारी हवाच नसते.

या रचनेत पंपाच्या आयुष्याचं गुपित आहे. पेट्रोल हाच त्याचा माल, तेच त्याचं वंगण आणि तेच त्याला थंड ठेवणारं पाणी. सबमर्सिबल मोटर कोरडी चालली की जळते. फ्युएल पंपाचंही तसंच होतं. सतत रिझर्व्हवर गाडी चालवणारा माणूस पंपाला अर्धवट उघडा, गरम आणि टाकीच्या तळाच्या गाळाजवळ ठेवत असतो.

लिटरचा आकडा आणि त्यामागचा दाब

उदाहरण म्हणून जगभरच्या मॉडिफिकेशनवाल्यांची लाडकी गाडी घेऊ: १९९३ साली आलेली चौथ्या पिढीची टोयोटा सुप्रा. तिचं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं टू-जेझेड इंजिन अमेरिकेत ३२० हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं गेलं. त्याचा लोखंडी ब्लॉक इतका दणकट निघाला की आतले भाग न बदलता ५०० हॉर्सपॉवरपर्यंत जाणं ही नेहमीची गोष्ट झाली. तिथे पहिला प्रश्न येतो तो पेट्रोलचा.

हिशेब सोपा आहे. पूर्ण ताकदीवर टर्बो पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरसाठी तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं. ५०० हॉर्सपॉवरला झाले १३५ किलो. पेट्रोलचा एक लिटर भरतो साधारण पाऊण किलोचा, म्हणजे ताशी सुमारे १८० लिटर, किंवा सेकंदाला ५० मिलिलिटर. बाजारात वॉलब्रो या नावाने ओळखला जाणारा ताशी २५५ लिटरचा पंप आहे. वरवर पाहता ७५ लिटर शिल्लक उरतात. मग चिंता कसली?

चिंता हेडची. विहीर खोल असेल तर तीच मोटर कमी पाणी देते, तसं दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. २५५ हा आकडा सुमारे पावणेतीन बार दाबाला आणि साडेतेरा व्होल्टला मोजलेला असतो. टर्बो गाडीत दाब तिथेच थांबत नाही. इंजेक्टरच्या तोंडाशी टर्बोची दाबलेली हवा उभी असते आणि तिच्या विरोधात पेट्रोल ढकलायचं असतं. म्हणून जितका बूस्ट, तितकाच दाब रेग्युलेटर वाढवत नेतो. मूळ दाब ३ बार आणि बूस्ट दीड बार असेल तर पंपाला साडेचार बारला काम करावं लागतं. नेमकी इंजिनाची भूक सर्वाधिक असते तेव्हाच पंपाची देण्याची ताकद सर्वात कमी झालेली असते.

शिवाय पंपाच्या आत एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. ठरावीक दाबापुढे तो उघडतो आणि पेट्रोल परत टाकीतच सोडतो. जास्त बूस्टसाठी कमी दाबाचा पंप घेतला तर मोटर जोरात फिरत राहते, आवाजही येतो, पण रेलपर्यंत, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीपर्यंत, पुरेसं पेट्रोल पोचत नाही. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे न पाहता, पंपासोबत मिळणारा दाब आणि प्रवाहाचा आलेख पाहावा. आपल्या गाडीच्या सर्वाधिक दाबाला, आपल्या खऱ्या व्होल्टेजला तो किती देतो, आणि गरजेपेक्षा वीसेक टक्के जास्त देतो का, एवढंच तपासायचं असतं.

पेट्रोल कमी पडलं तर काय होतं, हे समजून घेतलं पाहिजे. टर्बो इंजिनात जादा पेट्रोल जळण्याच्या जागेला थंडही करत असतं. ते आटलं की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, तापमान चढतं आणि नॉकिंग सुरू होतं. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, तर सिलिंडरमधल्या पेटत्या वायूचं तापमान २००० अंशांच्या पुढे जातं. पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. पंपाची किंमत इंजिनाच्या तुलनेत किरकोळ असते. त्याच्या चुकीची किंमत मात्र इंजिनाएवढी असते.

तारेत हरवलेलं व्होल्टेज

"पंप गेला" म्हणून गॅरेजात येणाऱ्या मॉडिफाइड गाडीत मी सगळ्यात आधी वायरिंग पाहायला सांगेन. कंपनीने मूळ पंपाच्या भुकेनुसार तार, प्लग आणि रिले दिलेले असतात. तो पंप काही अँपिअरवर भागवतो. मोठा पंप जास्त दाबाला १५ अँपिअर किंवा त्याहून अधिक ओढू शकतो. टाकी गाडीच्या मागच्या टोकाला, बॅटरी बहुधा पुढे, आणि मध्ये पंचवीस-तीस वर्षं जुनी बारीक तार. त्या सगळ्या वाटेत मिळून एक दशांश ओहमचा जरी अडथळा असेल, तरी १५ अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच संपतात. अल्टरनेटर साडेतेरा देतो आणि पंपाला बारा मिळतात.

शेतातली एसी मोटर कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढून तापते आणि जळते. गाडीच्या डीसी पंपाचं दुखणं वेगळं आहे. तो हळू फिरतो आणि प्रवाह घटवतो. जळतो तो प्लग. सैल क्रिम्प, गंजलेलं अर्थिंग, टाकीच्या झाकणातून आत जाणारा जुना कनेक्टर, या जागा तापतात, प्लॅस्टिक वितळतं, अडथळा आणखी वाढतो. शेवटी पंप थांबतो आणि आळ त्याच्यावर येतो. बदलून आणलेला नवा पंपही मग थोड्याच दिवसांत थांबतो.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे: बॅटरीपासून जाड तार, बॅटरीजवळच योग्य फ्यूज, चांगला रिले आणि टाकीजवळ खरवडून घट्ट केलेलं अर्थिंग. रिलेला चालू-बंदचा हुकूम मात्र इंजिनाच्या संगणकाकडूनच, म्हणजे ईसीयूकडूनच, मिळाला पाहिजे. पंप थेट चावीच्या लाइनवर जोडणं हा जिवाशी खेळ आहे. अपघातात इंजिन बंद पडलं, नळी तुटली आणि पंप चालूच राहिला, तर तो रस्त्यावर पेट्रोल ओतत राहील.

इथे सुप्राच्या इंजिनिअरांचा एक शहाणपणा सांगण्यासारखा आहे. त्यांनी पंपासाठी वेगळी कंट्रोल युनिट दिली होती. गाडी आरामात चालली असेल तेव्हा ती पंपाला कमी व्होल्टेज द्यायची आणि पूर्ण ताकद मागितली की पूर्ण व्होल्टेज. त्यामुळे आवाज, झीज आणि उष्णता या तिन्ही गोष्टी कमी राहायच्या. मोठा पंप बसवताना ही युनिट बाजूला काढली जाते आणि पंप सिग्नललाही पूर्ण वेगाने फिरतो. १५ अँपिअर आणि साडेतेरा व्होल्ट म्हणजे २०० वॅट. त्यातला मोठा भाग उष्णता होऊन पेट्रोलातच उतरतो.

टाकीच्या आत

जागेवर उभी गाडी तासाला लिटरभर पेट्रोल जाळते. २५५ लिटरचा पंप बाकीचं सगळं रेलपर्यंत नेऊन रिटर्न लाइनने परत आणतो. ६० लिटरची टाकी अशी पाव तासात एकदा फिरून येते आणि प्रत्येक फेरीत इंजिनाजवळची उष्णता घेऊन येते. उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये, पाव टाकीवर हे पेट्रोल इतकं तापतं की पंपाच्या तोंडाशी त्याची वाफ होऊ लागते. वाफ वंगणही देत नाही आणि थंडावाही देत नाही. पंप किरकिरायला लागतो, दाब हलतो. मूळ रेग्युलेटरला इतकं रिटर्न झेपत नसेल तर आयडलला दाब चढून गाडी काळा धूरही सोडते. गरजेपेक्षा फार मोठा पंप हा अशा वेळी भरवसा वाढवत नाही, घटवतो.

आणखी एक बारीक गोष्ट अनेक चांगल्या पंपांना बदनाम करते: टाकीच्या आतली नळी. साधी फ्युएल होज आतून पेट्रोल सहन करायला बनवलेली असते, बाहेरून पेट्रोलात बुडायला नाही. ती फुगते, मऊ पडते आणि दाबाला फाटते. पंप फिरतो, पण पेट्रोल टाकीतच गळतं. बुडवून ठेवायच्या नळीचा दर्जा वेगळा असतो. तिच्यावर एसएई ३०आर१० असा शिक्का असतो आणि ती साध्या नळीच्या कितीतरी पट महाग असते. तुकडा लागतो वीतभर. तिथे पैसे वाचवू नयेत.

मग पंपाच्या तोंडाची जाळी. पंप बदलताना जुनीच जाळी ठेवणं, किंवा टाकीतला गंज आणि गाळ न काढता नवा पंप सोडणं, म्हणजे गाळाने भरलेल्या विहिरीत नवी मोटर टाकणं. हे पंप ढकलण्यात पटाईत असतात, ओढण्यात कमजोर. जाळी तुंबली की पंपाच्या तोंडाशी दाब घटतो, तिथेच बुडबुडे होतात आणि ते आतले भाग खातात.

शेवटी वळण. पाव टाकीवर जोरात वळण घेतलं की पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. सेकंदाला ५० मिलिलिटर मागणाऱ्या इंजिनाला अर्ध्या सेकंदाचा खंडही महागात पडतो. रेसिंगच्या गाड्यांमध्ये म्हणूनच टाकीत आडव्या भिंती असतात किंवा मध्ये एक छोटी भरलेली टाकी, सर्ज टँक, ठेवतात.

दोन पंप बसवले म्हणजे निर्धास्त झालो, असंही समजू नये. बऱ्याच गाड्यांत दुसरा पंप फक्त बूस्ट चढल्यावर चालू होतो. तो मुकाट्याने मेला, तर रोजच्या वापरात कळतच नाही. कळतं ते पूर्ण बूस्टला, जेव्हा एकच पंप उरलेला असतो. दोन पंप असतील तर दोन्ही वेगवेगळे तपासायची सोय हवीच.

डुप्लिकेट माल आणि अस्सल चूक

वॉलब्रोचा २५५ आणि बॉशचा ०४४ हे या जगातले सर्वात नावाजलेले पंप. म्हणूनच त्यांची नक्कलही सर्वात जास्त होते. नकली पंप दिसायला सारखा असतो, खोकंही छापलेलं असतं. आतला कम्युटेटर, बेअरिंग आणि व्हॉल्व्ह मात्र भलतेच असतात. सुरुवातीला दाब देतोही, पण आलेखाशी त्याचं नातं नसतं. ओळखायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घेणं. अर्ध्या किमतीत मिळणारा "ओरिजिनल" पंप संशयास्पदच मानावा, आणि विकत घेतलेला पंप बसवण्याआधी मोजून पाहावा.

याचा अर्थ कंपनीच्या फिटिंगचा पंप कधी चुकत नाही असा नाही. २०२० मध्ये डेन्सोने बनवलेल्या पंपांमुळे टोयोटाने जगभर लाखो गाड्या परत बोलावल्या. त्यांतला प्लॅस्टिकचा इंपेलर पेट्रोल शोषून फुगायचा, बाहेरच्या कवचाला घासायचा आणि पंप अडकायचा. भारतातही त्याच वर्षी जूनमध्ये होंडाने ६५,६५१ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ७७,९५४ गाड्या फ्युएल पंप बदलायला बोलावल्या. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्यांचे पंप तपासायला घेतले. फरक एवढाच की कंपनीची चूक सापडली तर नंबरानुसार शोधता येते आणि फुकट दुरुस्त होते. मॉडिफाइड गाडीत ती जबाबदारी आपली असते.

इथेनॉलचा नवा हिशेब

आज आपल्याकडे पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. महाराष्ट्रातल्या उसाचाही त्यात वाटा आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे ई-२० वर तेवढीच ताकद हवी तर सहा-सात टक्के जास्त इंधन पाठवावं लागतं. ५०० हॉर्सपॉवरच्या आपल्या हिशेबात १८० लिटरचे १९० च्या वर जातात. परदेशात शर्यतींसाठी वापरल्या जाणाऱ्या ई-८५ वर हाच आकडा २५० च्या आसपास पोचतो आणि मघाची शिल्लक पार संपते.

इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि पेट्रोलपेक्षा वीज जास्त वाहून नेतं. त्यामुळे जुन्या पंपांमधला तांब्याचा कम्युटेटर आणि उघडे जोड लवकर झिजतात. इथेनॉलसाठी बनवलेल्या पंपांत कार्बनचा कम्युटेटर आणि सोसणारे रबरी भाग असतात. जुनी गाडी मॉडिफाय करत असाल तर पंपावर इथेनॉलचा उल्लेख आहे का, हे बघूनच घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीतलं पेट्रोल जुनं होऊ देऊ नका.

दोन पंपांच्या गाड्या

आपल्याकडे रिमॅपसाठी, म्हणजे ईसीयूची आज्ञावली बदलून ताकद वाढवण्यासाठी, आवडत्या झालेल्या गाड्या, उदाहरणार्थ चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो टीएसआय, वेगळ्या घराण्यातल्या आहेत. त्यांत डायरेक्ट इंजेक्शन असतं. टाकीतला पंप फक्त काही बार दाबाने पेट्रोल पुढे पोचवतो आणि इंजिनावरचा दुसरा, कॅमशाफ्टवर चालणारा पंप ते शेकडो बारवर नेतो. या गाड्यांत टाकीतला पंप मोठा केला म्हणजे काम झालं असं होत नाही. मर्यादा बहुतेक वेळा वरच्या पंपाची असते, आणि खालच्या पंपाची कंट्रोल युनिट मोठ्या पंपाचा करंट झेपवेलच असं नाही. वरचा पंप किती नाजूक असू शकतो हे २०१० मध्ये दिसलं. बीएमडब्ल्यूने अमेरिकेत या उच्च दाबाच्या पंपासाठी सुमारे १ लाख ३० हजार गाड्या परत बोलावल्या होत्या.

नाडी बघून औषध

पंपाची तपासणी अवघड नाही. रेलवर दाबाचा गेज, पंपाच्या प्लगपाशी मल्टिमीटर आणि तारेवर क्लॅम्प मीटर, एवढं पुरतं. पंप भाराखाली चालू असताना तिन्ही आकडे एकत्र वाचायचे. व्होल्टेज कमी असेल तर दोष तारेचा. व्होल्टेज ठीक, दाब कमी आणि करंटही कमी असेल तर पंप झिजलाय, हवा ओढतोय किंवा टाकीतली नळी फाटलीय. दाब कमी पण करंट जास्त असेल तर पंप आतून अडकतोय. करंट जास्त असून रेलवर दाब कमी आणि पंपाजवळ जास्त मिळाला तर पुढचा फिल्टर तुंबलाय. पंप बाहेर काढायचा तो या वाचनानंतर. काम मोकळ्या हवेत, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून आणि लाइनचा दाब सोडूनच करायचं, कारण पेट्रोलची वाफ दिसत नाही आणि दुसरी संधी देत नाही.

जी गाडी खरोखर जोरात चालवली जाते, तिच्यात फ्युएल प्रेशर सेन्सर कायमचा बसवावा आणि दाब ठरलेल्या रेषेखाली गेला तर ईसीयूने बूस्ट तोडावा अशी व्यवस्था करावी. पंप कोणाचाही असो, कधीतरी थकणारच. तो थकल्याचं इंजिनाला आधी कळलं तर नुकसान पंपापुरतं राहतं. आणि इंजिनाची ताकद वाढवताना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बदलांवर असलेली बंधनंही वाचून घ्यावीत.

मोठा पंप घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे: आधी आपल्या गाडीचा दाब मोजा, पंपापाशी पोचणारं व्होल्टेज मोजा, टाकी उघडून जाळी आणि नळी बघा. या तीन गोष्टी कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन दुकानात जा. मग पंपही योग्य मिळेल आणि तो भरवशाचाही निघेल.